दिवेलागणची जुनी आवृत्ती

३ मार्च, सोमवार

'दिवेलागण'ची नवी आवृत्ती नेटवर तिन्ही ठिकाणी चढवून झाली एकदाची. काम एकच, पण तीन सासवांची मर्जी सांभाळायची. मोठ्या साइटला चित्रं अमुकच मापाची लागतात. खेळाडूंचा जुना फोरम फाइल जरा मोठी झाली की गपकन गिळतो आणि वर 'चढली' म्हणून सांगतो. खेळाच्या स्वतःच्या दुकानात कुणीतरी माणूस ती तपासतो, तोवर आपण वाट बघत बसायचं. तिन्हीकडे एकच आवृत्ती आणि एकच वर्णन असलं पाहिजे, हा माझा हट्ट. एकीकडे जुनं आणि दुसरीकडे नवं राहिलं की लोक तक्रारी घेऊन माझ्याच दारात येतात.

आई विचारत होती, "विकतेस काय हे?" म्हटलं, काही विकत नाही. गाव वसवायचा एक खेळ आहे, लोक त्यात घरं बांधतात, रस्ते काढतात. आम्ही त्याला एक जोड बनवली आहे, अ‍ॅडऑन म्हणतात. ती बसवली की संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात, बाहेर गेलेली माणसं परततात. मूळ खेळात अंधार पडतो तो नुसताच पडतो. आई म्हणाली, "मग बरं आहे की. कुणाच्या तरी घरी दिवा लागतोय."

'आम्ही' लिहिलं खरं, पण आता मी एकटीच. प्रोग्राम दादाचा, चित्रं माझी, आणि अगदी पहिला कंदील वहिनीने काढलेला. गेल्या वर्षी वहिनी घर सोडून गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी सगळे दिवे नव्याने काढले. तो कंदील जुनाट दिसायचा, एका बाजूने काजळी धरलेला. काढूनच टाकला. जुन्या आवृत्त्याही पुसल्या, पसारा कशाला? दादाला दाखवलं तर म्हणाला, "छान झालंय. स्वच्छ." पुढे त्याच्या ऑफिसात काम वाढलं आणि त्याने यातून अंग काढून घेतलं. काही माणसांचं मन एका गोष्टीत फार दिवस रमत नाही.

७ मार्च

चोरी! दुसरा शब्द नाही.

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात जेवायच्या सुट्टीत सहज शोधलं तर चौथ्याच एका साइटवर 'दिवेलागण' सापडलं. चढवणाऱ्याचं नाव 'बोका'. चित्रातही मांजर. त्याच्याकडे आमच्या सगळ्या आवृत्त्या रांगेने मांडलेल्या, अगदी पहिलीपासून. प्रत्येकीखाली काय बदललं ते लिहिलेलं, मी स्वतःही इतकं नीट कधी लिहिलं नव्हतं. फाइलीचे बारीक बारीक तुकडे केलेले, ते का, कळलं नाही. खाली आमची नावं दिली आहेत, आभारही मानले आहेत. चोराने नमस्कार करून तिजोरी नेली म्हणून काय झालं?

डोकं इतकं तापलं की दुपारी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच घासताना कोपरा उडाला. मालक म्हणाले, "आज तुमचाच नंबर तपासायला हवा." हसले नाही मी.

तक्रार पाठवली. पुराव्यासकट.

९ मार्च, रविवार

दादा जेवायला आला होता. आईने बोलावल्याशिवाय हल्ली येत नाही. उतरलेला दिसतो. आई त्याच्या ताटात वाढत राहिली आणि तो ते चिवडत राहिला.

बोक्याचं प्रकरण त्याला रंगवून सांगितलं. वाटलं, भडकेल. तो म्हणाला, "सगळ्या आवृत्त्या आहेत त्याच्याकडे? पहिलीसुद्धा?"

"तेच तर! आपण टाकून दिलेलं विकायला बसल्यासारखं."

"विकतोय का तो?"

"नाही. पण परवानगी?"

"एक ओळ लिहायची होतीस त्याला. का ठेवलंय म्हणून विचारायचं. मग तक्रार."

म्हटलं, तुला काय जातंय सांगायला, तिन्ही साइट सांभाळते मी. जाताना आईच्या पाया पडल्यासारखा वाकला, पण चपलेचा पट्टा लावत होता. आई दारात बराच वेळ उभी होती. म्हणाली, "पोरगं आतून पोखरलंय." आईला प्रत्येकाची तब्येत उतरलेलीच दिसते.

१२ मार्च

जिंकले. बोक्याचं पान उडालं. नुसतं आमचंच नाही, त्याने ठेवलेलं सगळंच्या सगळं. साइटवाल्यांनी खातंच बंद केलं. म्हणजे दुसऱ्यांचाही माल ठेवला होता तर. बरं झालं, एका दगडात सगळे पक्षी.

आता 'दिवेलागण' फक्त तीन ठिकाणी. तिन्हीकडे एकच. किती शांत वाटतंय.

१५ मार्च

आज एक पत्र आलं. इथे उतरवून ठेवते, कारण सकाळपासून त्यातली वाक्यंच कानात आहेत.

"स. न. मी निवृत्त पशुवैद्य आहे. खेळ मला समजत नाही. आमची ही खेळायची. दुखण्यात अंथरुणाला खिळली तेव्हा पुतणीने तिला तो लावून दिला. तिने त्यात एक गाव केलं. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी ते गाव उघडतो आणि तिने लावलेले कंदील लागताना बघतो. बाकी काही करत नाही. परवा पडद्यावर सूचना आली की तुमची जोड आता या ठिकाणी उपलब्ध नाही, नवी घेता का? मी हो म्हटलं. तेव्हापासून गावात अंधार आहे. मी काही चुकीचं दाबलं का? कळवावे."

पहिल्यांदा वाटलं, यात माझा काय संबंध? तिन्ही ठिकाणचं चालू आहे की. मग 'या ठिकाणी उपलब्ध नाही' हे पुन्हा वाचलं.

ते बोक्याकडची आवृत्ती वापरत होते. पहिली. वहिनीच्या कंदिलाची. बोक्याचं पान मी उडवलं, म्हणून खेळाने त्यांना माझी नवी दिली. नव्यात तो कंदील नाहीच. आणि जी वस्तू ओळखू येत नाही ती हा खेळ गावातून काढून टाकतो आणि गाव तसंच सेव्ह करून जपून ठेवतो. न विचारता.

त्यांनी काहीही चुकीचं दाबलेलं नाही.

१६ मार्च, रविवार

दिवसभर शोधते आहे. मोठ्या साइटवरच्या जुन्या आवृत्त्या मीच पुसलेल्या. खेळाच्या दुकानात फक्त ताजीच राहते. फोरमने जागा बदलली तेव्हा जुन्या फाइली गेल्या, नुसती नावं उरली, पाटी आहे आणि घर नाही अशी. माझ्या संगणकावर काही नाही. मी फार नीटनेटकी बाई.

दादाला फोन केला. त्याची जुनी डिस्क?

"पुसली," तो म्हणाला.

"सगळी?"

"सगळी. तेव्हा ठेवावंसं वाटलं नाही." मग म्हणाला, "आणि नंतर मिळेना."

म्हणजे त्यालाही मधे कधीतरी हवी होती वाटतं. कशाला, ते विचारायचं राहून गेलं, कारण त्या पशुवैद्य डॉक्टरांचं पत्र वाचून दाखवायचं होतं. पूर्ण ऐकलं त्याने. म्हणाला, "आता बोक्यालाच विचार."

ज्याला घराबाहेर काढलं त्याच्याच दारात जाऊन उभं राहायचं. चार वेळा मजकूर लिहिला आणि खोडला. शेवटी, तक्रारीला जोडलेल्या त्याच्या पानाच्या फोटोत पत्ता होता, त्यावर सरळ लिहिलं: मी 'दिवेलागण'वाली. तक्रार माझीच. एका माणसासाठी पहिली आवृत्ती हवी आहे. डॉक्टरांचं पत्र, त्यांना विचारून, सोबत जोडलं.

१९ मार्च

उत्तर नाही. का द्यावं?

डॉक्टरांना सगळं खरं लिहिलं, की चूक तुमची नाही, माझ्या तक्रारीमुळे झालं. वाटलं, आता झोडपतील. त्यांनी लिहिलं, "माझे पेशंट कधी बोलत नसत, त्यामुळे कुणावर रागवायची मला सवय राहिली नाही. मिळाली तर बघा. नाही मिळाली तर तसं स्पष्ट सांगा, मला आशेवर ठेवू नका. हिच्या वेळी फार ठेवलं होतं."

२१ मार्च

बोका निघाली बाई!

एका हवामान केंद्रावर काम करते. वाऱ्याच्या, पावसाच्या नोंदी घ्यायच्या आणि कळवायच्या. आसपास वस्ती नाही. तिथे नेट ठिबकत येतं, मोठी फाइल उतरवायला घेतली की अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ती तुकडे करायची. तुटला तर एक तुकडाच पुन्हा उतरवायचा. तिच्यासारख्या आडजागी राहणाऱ्या लोकांसाठी तिने ते पान केलं होतं. आणि जुन्या आवृत्त्या का, तर नवी जुन्या संगणकावर चालत नाही अशी माणसं असतात. माझ्या डोक्यात ही माणसं कधी आलीच नव्हती.

तिचं उत्तर लांब नाही. शेवट असा आहे: "फाइल माझ्याकडे आहे, पाठवते आहे. डॉक्टरांसाठी. तुमच्यासाठी पाठवली असती का, माहीत नाही. माझ्या पानावर अशा लोकांचं काम होतं जे आता या जगात नाहीत किंवा कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. ते सगळं एका दिवसात गेलं. माझा पत्ता पानावर होता. मला एक ओळ लिहायला तुम्हाला काय जड होतं?"

दादानेही हेच म्हटलं होतं. 'एक ओळ.'

लिहिलं तिला: काही जड नव्हतं. मी बरोबर आहे याची इतकी खात्री होती की विचारावंसंच वाटलं नाही. माफ करा.

तुकडे एकेक करून येत आहेत.

२३ मार्च, रविवार

दादा सकाळीच आला, न बोलावता. दोघं टेबलाशी बसलो, पूर्वीसारखे. आई खूश. सारखी काहीतरी खायला आणून ठेवत होती.

तुकडे जोडले, फाइल उघडली. कंदील पडद्यावर आला तेव्हा दादा खुर्ची पुढे ओढून बसला. मग मोठा करून बघितला. फिरवला. म्हणाला, "काजळी उजवीकडे आहे. तिला डावीकडे हवी होती, आणि मी म्हटलं होतं, वारा डावीकडून येतो तर काजळी उजवीकडे धरणार. दोन दिवस भांडलो यावरून."

"मग कोण जिंकलं?"

"काजळी उजवीकडेच आहे ना," तो म्हणाला आणि हसला. फार दिवसांनी. पण लगेच थांबला.

कामाचं असं ठरलं की 'हो' म्हटल्यावर डॉक्टरांचा खेळही नवा झाला आहे, त्यात जुनी आवृत्ती जशीच्या तशी चालणार नाही, पण वहिनीचा कंदील नव्या आवृत्तीत परत घालता येईल. दादाचा हात अजून तितकाच चालतो. दुपारपर्यंत कंदील माझ्या चाचणीच्या गावात लागला. पिवळट, जरा मळका उजेड. माझ्या दिव्यांचा उजेड त्याच्यापुढे दवाखान्यातल्यासारखा वाटला, हे मान्य करायला हवं.

जाताना दादाने ती जुनी फाइल मागून नेली. "बॅकअप म्हणून," म्हणाला. बॅकअपच्या बाबतीत हा इतका काटेकोर कधीपासून झाला, कोण जाणे!

२७ मार्च

एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. कंदील परत आला तरी डॉक्टरांच्या गावात तो कुठे कुठे होता, हे खेळ विसरला आहे. जागा पुसल्या गेल्या आहेत. ते रोज संध्याकाळी गाव उघडत राहिले, आज तरी लागतील म्हणून, आणि प्रत्येक वेळी अंधारच जपला गेला. पुतणीकडेही जुनी प्रत नाही, फोटो नाही.

त्यांनी म्हटलं होतं, स्पष्ट सांगा. फोन केला आणि सांगितलं. मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग म्हणाले, "जागा मला माहीत आहेत की."

"कुठल्या?"

"सगळ्या. बाई, वर्षभर मी दुसरं काय बघितलंय?"

रविवारी बसायचं ठरलं.

२८ मार्च

दुपारच्या सुट्टीत बोक्याच्या साइटला लिहिलं की माझी तक्रार मी मागे घेते. लगेच उत्तर: बंद केलेलं खातं नियमाप्रमाणे उघडता येत नाही. दगड मारायला एक क्षण लागला, आता तो परत येत नाही.

मग निदान माझ्या हातातलं केलं. तिन्ही ठिकाणी 'दिवेलागण'च्या वर्णनात लिहिलं की कुणीही ही जोड, कुठलीही आवृत्ती, आपल्याकडे ठेवावी, तुकडे करून वाटावी, विचारायची गरज नाही. बोक्याच्या डिस्कवर बहुतेक सगळं शाबूत आहे. ती दुसरीकडे पहिल्यापासून मांडायला बसली आहे. तिच्या नेटवरून ते चढायला वर्ष जाईल. म्हटलं, तुम्ही मला तुकडे पाठवत राहा, चढवायचं मी बघते. तिने लिहिलं, "वर्णनं मी लिहीन. तुमची फार त्रोटक असतात." बरोबर आहे.

बाकीच्या कर्त्यांची परवानगी? जे सापडतात त्यांना मी एकेक ओळ लिहायला घेतली आहे. जे सापडत नाहीत त्यांचं काय करायचं, यावर आमचं एकमत नाही. ती म्हणते ठेवायचं. मी अजून विचार करते आहे.

३० मार्च, रविवार

दादाने डॉक्टरांचा संगणक आमच्याशी जोडून दिला. गाव आमच्या पडद्यावर, डॉक्टर फोनवर, आवाज मोठा करून ठेवलेला. आईही खुर्ची ओढून बसली.

गाव लहानसं आहे. मला वाटलं होतं, आजारी बाईने वेळ घालवायला केलेलं काहीतरी असेल. पण प्रत्येक घराची खिडकी वेगळी, प्रत्येक वाट कुठेतरी जाणारी.

"विहिरीपासून सुरू करा," डॉक्टर म्हणाले. "काठावर नको. जरा अलीकडे. ही म्हणायची, पाणी काढायला वाकलेल्याच्या डोक्यात बसेल."

मी कंदील ठेवला. "असा?"

"अजून अलीकडे. हां. आता शाळा. शाळेला दोन. एक मास्तरांना, एक उशिरा येणाऱ्या पोरांना."

"तबेल्यात?"

"छे! गवत आहे तिथे. गवताजवळ कंदील ठेवतात का? मीच सांगितलं होतं तिला. जन्मात तेवढं एक माझं ऐकलं." आई खुदकन हसली. फोनवरून विचारलं, "कोण आहे?" म्हटलं, आमची आई. "नमस्कार सांगा," म्हणाले. आईने पदर सावरला, जसं काही ते समोरच बसलेत.

असं गल्लीगल्लीने गेलो. ते एकदाही अडखळले नाहीत. कुठे पायरीच्या डावीकडे, कुठे उंबऱ्याच्या आत, कुठे झाडाला, "खालच्या फांदीला, वरची वाऱ्याने मोडेल." प्रत्येक कंदिलामागे तिचं काहीतरी म्हणणं होतं आणि ते तसंच्या तसं सांगत होते. काही वेळाने मला तिचा आवाजच ऐकू यायला लागला, जो मी कधी ऐकलेला नाही.

शेवटी नदीकडचं एक घर उरलं. एकटंच, बाकीच्यांपासून जरा लांब. त्याच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हटलं विसरले असतील, दमलेत. मीच दारापाशी एक कंदील ठेवून दिला.

"तिथे नव्हता," ते म्हणाले.

"अंधारात राहील हो घर. ठेवू या ना एक."

"नाही. ते घर तिने शेवटी घेतलं होतं करायला. छप्पर झालं, भिंती झाल्या. दार बसवलं त्या दिवशी म्हणाली, कंदील उद्या लावते." मग म्हणाले, "काढा तो."

मी काढला. दादा उठून गॅलरीत गेला. सर्दी झालीय त्याला.

मग आम्ही खेळातली संध्याकाळ व्हायची वाट बघितली. आधी विहिरीजवळचा लागला, मग शाळेचे दोन, मग गल्लीतले एकामागून एक. छोटी छोटी माणसं शेतातून परत आली आणि दारं उघडून आत गेली. नदीकडचं घर तसंच काळं उभं राहिलं. दिवे काढण्यात माझं आयुष्य गेलं, न लागलेल्या घराकडे मी कधी इतका वेळ बघितलं नव्हतं.

"हं," फोनवरून आवाज आला. "आता बरोबर आहे."

मी विचारलं, आणखी काही करायचं आहे का.

"काही नाही. तुम्ही गेलात तरी चालेल. मी बसतो जरा."

दादाने जोडणी तोडली. गाव आमच्या पडद्यावरून गेलं. पलीकडे ते अजून बघत असतील.